उरलेले पंचाहत्तर भाग

चांदीची अंगठी किंवा साखळी विकत घेताना आपण आतल्या बाजूला कोरलेला ९२५ हा आकडा शोधतो आणि तो दिसला की निर्धास्त होतो. हजार भागांतले ९२५ भाग चांदी आहे, एवढंच तो आकडा सांगतो. उरलेल्या ७५ भागांत काय आहे, हे त्यातून कळत नाही. आजवर ते विचारायची गरजही पडली नाही, कारण उत्तर ठरलेलं होतं: तांबं. ९२५ भाग चांदी आणि ७५ भाग तांबं म्हणजे स्टर्लिंग. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मात्र या उरलेल्या जागेत जर्मेनियम, सिलिकॉन, जस्त, पॅलेडियम, प्लॅटिनम असे नवे भागीदार आले आणि ‘काळी न पडणारी चांदी’ म्हणून त्यांची जाहिरात होऊ लागली. माझं म्हणणं असं की या जाहिरातीत नव्या चांदीचा सगळ्यात मोठा गुण बाजूलाच राहतो. दागिना उशिरा काळा पडतो, ही सोय झाली. खरा फरक पडतो तो दागिना घडताना, आगीपाशी. तिथे जे घडतं त्यावरून ठरतं की आपल्या बोटाला लागणारा पृष्ठभाग चांदीचा आहे की चांदीवर चढवलेल्या दुसऱ्याच कशाचा.

चांदीत काही मिसळावं लागतं, याचं कारण साधं आहे. शुद्ध चांदी फार मऊ असते. तिची अंगठी रोजच्या वापरात वाकडी होते, खड्याला धरून ठेवणारे काटे सैल पडतात, पैंजणाच्या कड्या ताणून लांबतात. तांब्याचा अणू चांदीच्या अणूपेक्षा लहान असतो. तो मध्येमध्ये घुसला की चांदीच्या अणूंच्या रांगा एकमेकींवरून सहज घसरत नाहीत, आणि ही घसरण अडणं म्हणजेच धातूला कणखरपणा येणं. शिवाय तांबं स्वस्त, सगळीकडे मिळणारं, आणि साडेसात टक्क्यांपर्यंत घातलं तरी चांदीचा पांढरा रंग जाणवण्याइतका बिघडत नाही. इतकं सोयीचं हीण दुसरं नव्हतं.

पण नेमके ७५ भागच का? यामागे धातुशास्त्र नाही, नाण्यांचा हिशोब आहे. इंग्लंडमध्ये चांदीचा ट्रॉय पौंड १२ औंसांचा आणि प्रत्येक औंस २० पेनीवेटचा, म्हणजे एका पौंडाचे २४० पेनीवेट. नाण्यांसाठी प्रमाण ठरलं ते ११ औंस २ पेनीवेट चांदीचं, म्हणजे २४० तले २२२. भागाकार करून पाहा, उत्तर येतं ०.९२५. पुढे १३०० साली पहिल्या एडवर्ड राजाच्या कायद्याने सोनारांनाही बांधून घेतलं: चांदीच्या वस्तूचा कस नाण्यापेक्षा कमी नको, आणि कस तपासल्यावर तिच्यावर बिबट्याच्या तोंडाचा शिक्का हवा. कायद्यामागचा हेतू उघड होता. नाणं आणि वस्तू एकाच कसाची असली की एकाचं दुसरं करता येतं, आणि ग्राहक फसत नाही. आपल्याकडेही असंच होतं. १८३५ नंतरच्या कंपनी सरकारच्या आणि पुढे राणीछाप रुपयात बारा भागांतले अकरा भाग चांदी असे, आणि असे रुपये मुशीत घालून दागिने घडवले जात. हाच रुपया १९४० साली निम्म्या चांदीवर आला. त्यात ४० टक्के तांबं आणि पाच-पाच टक्के निकेल व जस्त घातलं गेलं. मुद्दा असा की ९२५ हे प्रमाण नाण्यांच्या गरजेतून आलं. नाणं झिजू नये आणि त्याची किंमत सगळीकडे सारखी राहावी, एवढं त्यातून साधायचं होतं. नाण्याला डाक लावून जोडायचं नसतं. त्यावर जाळी बसवायची नसते, रवे चिकटवायचे नसतात. हे सगळं करावं लागतं दागिन्यात, आणि तिथेच तांबं आपला दुसरा स्वभाव दाखवतं.

स्टर्लिंगची पट्टी गॅसच्या ज्योतीखाली धरली की काय होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. चांदी गरम झाली की ऑक्सिजन तिच्यातून झिरपतो. चांदीला त्याचं काही होत नाही, पण आत विखुरलेलं तांबं त्याला पकडतं आणि तांबूस रंगाचं कॉपर ऑक्साइड तयार होतं. पृष्ठभागावरचं काळं ऑक्साइड आम्लात बुडवल्यावर निघून जातं आणि दागिना पांढराशुभ्र दिसतो. कारागिराला वाटतं, झालं काम. मग झिलई द्यायला घेतली की वरचा पातळ थर घासला जातो आणि खालून करडा-जांभळट डाग डोकं वर काढतो. तो पृष्ठभागाखाली मिलिमीटरच्या काही शतांशांपर्यंत उतरलेला असतो. जितक्या वेळा तापवावं, तितका तो खोल जातो. साध्या अंगठीला एकदोनदाच तापवावं लागतं, पण दहा-बारा जोड असलेल्या नक्षीदार दागिन्याला प्रत्येक जोडासाठी ज्योतीखाली जावं लागतं. फायरस्टेन नावाने जगभरचे चांदीकाम करणारे ज्याला ओळखतात, तो हाच डाग.

त्यावरचे उपाय तीन, आणि तिन्हींची किंमत मोजावी लागते. पहिला उपाय म्हणजे डाग संपेपर्यंत घासत राहणं. यात धातू जातो, नक्षीच्या कडा बोथट होतात आणि खोलगट भागात तर कानस पोचतच नाही. दुसरा उपाय जुना आणि हुशारीचा आहे. दागिना मुद्दाम पुन्हा पुन्हा तापवायचा आणि आम्लात बुडवायचा. वरच्या थरातलं तांबं निघून जातं आणि दुधावरच्या सायीसारखा शुद्ध चांदीचा पापुद्रा मागे राहतो. डाग त्याच्याखाली झाकला जातो, पण पापुद्रा मऊ असतो आणि वापराने झिजतो. तिसरा उपाय आजच्या कारखान्यांचा: विजेच्या साहाय्याने वर चांदीचा किंवा ऱ्होडियमचा मुलामा चढवायचा. ऱ्होडियम हा प्लॅटिनमच्या कुळातला धातू. तो कठीण, चकचकीत, आणि हवेतल्या गंधकाला दाद न देणारा. दुकानात आरशासारखी लखलखणारी, किंचित निळसर झाक असलेली जी ‘९२५ चांदी’ दिसते, तिच्या वरचा थर बहुधा याच धातूचा असतो. हा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असतो. अंगठीच्या आतल्या बाजूला, साखळीच्या कड्या एकमेकींना घासतात तिथे, तो आधी जातो. मग एकाच दागिन्यावर चमकणारे आणि पिवळट-काळे पट्टे शेजारी शेजारी दिसू लागतात, आणि ग्राहकाला वाटतं की चांदी खोटी निघाली. चांदी खरीच होती. त्याने आजवर पाहिली होती ती चांदी नव्हती, एवढंच.

या डागावर उपाय शोधताना पीटर जॉन्स या ब्रिटिश चांदीकाराने १९९० च्या दशकात मिडलसेक्स विद्यापीठात तांब्याचा काही भाग काढून त्याजागी जर्मेनियम घालून पाहिलं. त्या संशोधनातून तयार झालेली मिश्रधातू अर्जेंटियम या नावाने विकली जाते. तिच्या एका प्रकारात हजारात ९३५ भाग चांदी असते, दुसऱ्यात ९६०. जर्मेनियम त्यात साधारण एक टक्का, उरलेलं मुख्यतः तांबं. एवढासा जर्मेनियम काय करतो? ऑक्सिजनची ओढ त्याला तांब्यापेक्षा जास्त असते. धातू तापला की पृष्ठभागाशी आलेला ऑक्सिजन तोच आधी पकडतो आणि अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा ऑक्साइडचा थर तयार करतो. हा थर पुढच्या ऑक्सिजनची वाट अडवतो आणि आतलं तांबं सुरक्षित राहतं. डाग पडतच नाही. म्हणजे तो घासायला नको, झाकायलाही नको. थर घासला गेला तर खालचा जर्मेनियम पुन्हा नवा थर धरतो. मुलाम्याला हे जमत नाही. तो एकदा गेला की गेला.

जर्मेनियमची जन्मकथा इथे सांगायला हवी, कारण ती चांदीशीच बांधलेली आहे. असा एखादा धातू असला पाहिजे, हे मेंडेलीव्हने १८७१ मध्ये आपल्या आवर्त सारणीतल्या रिकाम्या जागेवरून सांगितलं होतं. तो प्रत्यक्ष सापडला १८८६ मध्ये, जर्मनीतल्या फ्रायबर्ग इथे क्लेमेन्स विंकलरला, आणि सापडला तो आर्गिरोडाइट नावाच्या चांदीच्याच खनिजात. त्या खनिजात चांदी, जर्मेनियम आणि गंधक एकत्र असतात. चांदीला काळं करणारं गंधक आणि तिला त्यापासून जपणारा जर्मेनियम, दोघेही तिच्या शेजारी एकाच दगडात बसलेले होते. दागिन्यासाठी त्यातल्या एकाला कामाला लावायला त्यानंतर शंभर वर्षं लागली.

आता काळं पडण्याबद्दल. आपल्याकडे एक समज घट्ट आहे की चांदी काळी पडली म्हणजे तिच्यात भेसळ आहे, किंवा ती अंगाला सोसत नाही. दोन्ही चूक. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडशी चांदीचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइड तयार होतं, आणि त्याचा थर जाड होत जातो तसा रंग पिवळसर, तपकिरी, निळसर आणि शेवटी काळा होतो. हजारात ९९९ कसाची चांदीसुद्धा काळी पडते. देवघरातल्या निरांजनाचं आणि ताटवाटीचं काय होतं ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. तांबं असेल तर ही क्रिया वेगाने होते, आणि घामाशी संयोग पावून कातडीवर हिरवट छटा उमटते ती तांब्यामुळे. गटारं, खाड्या, अंडी, कांदा, लोकर, रबर, काही प्रकारचे कागद ही सगळी गंधकाची ठिकाणं आहेत. खाडीकाठच्या मुंबईत चांदी लवकर काळवंडते, यात चांदीचा दोष नाही. जर्मेनियमवाली चांदीही याला पूर्ण अपवाद नाही. ती उशिरा आणि कमी काळवंडते, मऊ कापडाने पुसली की उजळते. पण ‘कधीच काळी पडणार नाही’ असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. म्हणूनच या गुणावर सगळी भिस्त ठेवून तिची विक्री करणं मला पटत नाही. सहा महिन्यांनी हलकी पिवळट झाक दिसली की ग्राहकाचा सगळ्याच गोष्टीवरचा विश्वास उडतो, आणि जो गुण निर्विवाद आहे त्याच्याकडेही तो लक्ष देत नाही.

तिचे आणखी दोन निर्विवाद गुण आहेत. घडवून पूर्ण झालेला दागिना सुमारे ३०० अंश सेल्सिअसला तास-दोन तास ठेवला की तो बराच कणखर होतो. हे काम घरगुती ओव्हनच्या कमाल तापमानाच्या आसपास होण्यासारखं आहे. साधं स्टर्लिंगही उष्णतेने कणखर करता येतं, पण त्यासाठी आधी त्याला सुमारे ७५० अंशांपर्यंत न्यावं लागतं, लगेच पाण्यात विझवावं लागतं आणि मग पुन्हा तापवावं लागतं. जोड उकलण्याची भीती आणि डाग पडण्याची खात्री, यामुळे दागिन्यांच्या कामात ते फारसं कोणी करत नाही. दुसरा गुण जोडाचा. अर्जेंटियमचे दोन तुकडे नीट तापवले तर डाकाशिवायही एकमेकांत मिसळून जुळतात. डाक म्हणजे चांदीत जास्त तांबं आणि जस्त घालून केलेला, लवकर वितळणारा धातू. तो जितका जास्त वापरावा तितका पूर्ण दागिन्याचा कस खाली येतो, आणि कड्याकड्यांच्या पैंजणात तर जोडच जोड असतात. पूर्वी डाक लवकर वितळावा म्हणून त्यात कॅडमियम घालत, आणि त्याचा धूर कारागिराच्या फुप्फुसांत आणि मूत्रपिंडांत विष पेरत असे. सोन्याच्या बाजारातलं ‘केडीएम’ हे नाव त्याच धातूवरून आलेलं आहे. जिथे डाकच कमी लागतो, तिथे हा प्रश्न मुळातच लहान होतो.

बाकीच्या नव्या मिश्रधातूंबद्दल थोडक्यात. सिलिकॉन आणि जस्त घातलेली चांदी साच्यात ओतण्याच्या कामासाठी कारखान्यांत खूप चालते. ओतीव दागिना चकचकीत निघतो, पण सिलिकॉनचं प्रमाण जरा चुकलं की धातू ठिसूळ होतो. पॅलेडियम किंवा प्लॅटिनम घातलेली चांदी काळं पडण्याला चांगली टक्कर देते, मात्र तिच्या किमतीवर त्या महाग धातूंची सावली पडते. आणि ‘जर्मन सिल्व्हर’चा या चर्चेशी काहीच संबंध नाही. त्यात तांबं, जस्त आणि निकेल असतं, चांदीचा अंशही नसतो, आणि निकेलची ॲलर्जी असलेल्यांच्या कानांना त्याचा त्रास होतो.

नव्या चांदीवरचा सगळ्यात वजनदार आक्षेप कारागिरांचा आहे, आणि तो मान्य करूनच पुढे जायला हवं. अर्जेंटियम लालबुंद असताना फार नाजूक असते. त्या अवस्थेत चिमट्याने उचलली की ती मोडू शकते, आणि आधार नसलेला भाग स्वतःच्या वजनाने खचतो. लाली पूर्ण जाईपर्यंत हात न लावता थांबावं लागतं. ती साध्या स्टर्लिंगपेक्षा थोड्या कमी तापमानाला वितळू लागते, त्यामुळे ज्योतीचा अंदाजही बदलावा लागतो. ज्याच्या हातात पंचवीस वर्षांची सवय मुरलेली आहे, त्याला हे जाचक वाटणारच. याहून अवघड प्रश्न मोडीचा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीसारख्या चांदीच्या गावात मोड आणि कीस सतत पुन्हा भट्टीत जात असतो. जर्मेनियमची चांदी साध्या मोडीत मिसळली गेली तर दोन्हींचं वागणं बिघडतं. मुलीचे वाळे मोडून नातीसाठी तोरड्या करायच्या, ही आपली रीत आहे, आणि तिच्यात मोडीला नाव-गाव नसतं. गावातल्या सोनाराकडे दुरुस्तीला आलेल्या अंगठीत काय आहे हे त्याला ठाऊक नसेल, तर तो नेहमीच्या सवयीने तापवेल आणि अंगठी त्याच्या हातात मोडेल. हा आक्षेप खरा आहे. पण यात धातूचा दोष कमी आणि माहितीच्या अभावाचा जास्त आहे. पुसट का होईना, धातूची ओळख दागिन्यावर असली, तर सोनार ज्योत कमी ठेवेल आणि मोड वेगळ्या डब्यात टाकेल. अर्जेंटियम बनवणाऱ्यांनी त्यासाठी पंख असलेल्या एकशिंगी घोड्याची खूण ठेवली आहे, पण आपल्या किती सराफांना ती ओळखता येईल?

दुसरा आक्षेप पुरवठ्याचा आहे. तांबं कुठेही मिळतं. जर्मेनियम मुख्यतः जस्ताच्या खनिजातून आणि कोळशाच्या राखेतून उपउत्पादन म्हणून मिळतो, आणि त्याला ऑप्टिकल फायबर आणि अवरक्त कॅमेऱ्यांची भिंगं बनवणारे मोठे गिऱ्हाईक आहेत. जगातला बराचसा जर्मेनियम चीनमधून येतो, आणि २०२३ च्या ऑगस्टपासून चीनने त्याच्या निर्यातीला परवान्याची अट घातल्यावर भाव चढले. तरीही हिशोब करून पाहिला तर १०० ग्रॅमच्या पैंजणजोडीत जर्मेनियम लागतो एक ग्रॅमच्या आसपास. त्याच्या भावाने दागिन्याच्या किमतीत पडणारी भर, चांदीच्या स्वतःच्या भावातल्या चढउतारापुढे लहान ठरते. उलट बाजूला ऱ्होडियमचा मुलामा, तो गेल्यावर पुन्हा चढवण्याचा खर्च आणि डाग घासण्यात गेलेली मजुरी मांडली, तर तांब्याची स्वस्ताई कागदावरच राहते. मात्र मुलामा न देता विकल्या जाणाऱ्या साध्या कड्याला किंवा करदोट्याला हा युक्तिवाद लागू नाही. तिथे तांब्याची जुनी चांदी पुरेशी आहे, आणि ती बदला असं सांगण्याचं काही कारण नाही.

तिसरा आक्षेप रुचीचा. ठुशी, चितांग किंवा जोडव्यांच्या नक्षीत साचलेला काळेपणा हाच त्या कामाचा जीव असतो. त्याच्यामुळे उठावाचा भाग उजळ दिसतो. आज तर मुद्दाम गंधकाने काळे केलेले ऑक्सिडाइज्ड दागिने तरुण मुली हौसेने घेतात. अशा कामाला जर्मेनियमची चांदी गैरसोयीची आहे. तिला काळं करायला जास्त वेळ लागतो, आणि आलेला काळेपणा साध्या स्टर्लिंगइतका गडद आणि पक्का बसत नाही. इथे माझा कौल निःसंशय जुन्या चांदीच्या बाजूने आहे. पण ‘आठशे वर्षांची परंपरा’ म्हणून स्टर्लिंगला हात लावू नये, हे म्हणणं टिकत नाही. ज्या इंग्लंडने हा कस ठरवला, त्यानेच तो बदललाही होता. लोक नाणी वितळवून भांडी करू लागले म्हणून १६९७ मध्ये वस्तूंसाठी ९५८ चा ब्रिटानिया कस सक्तीचा झाला, आणि १७२० मध्ये पुन्हा ९२५ ला परवानगी मिळाली. व्यवहाराची गरज बदलली की कस बदलतो. आजची गरज, ओतीव आणि यंत्राने घडवलेल्या, सतत अंगावर राहणाऱ्या, आरशासारख्या दिसण्याची अपेक्षा असलेल्या दागिन्यांची आहे, आणि त्यांच्यासाठी तांब्याचं हीण अपुरं पडतं.

राहतो प्रश्न ग्राहकाला हे कळावं कसं. भारतीय मानक ब्यूरोच्या हॉलमार्कमध्ये चांदीसाठी ८०० पासून ९९९ पर्यंतचे कस मान्य आहेत, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या दागिन्यांनाही सहा अक्षरी ओळख क्रमांक देण्याची, ऐच्छिक का होईना, व्यवस्था सुरू झाली आहे. ग्राहकासाठी ही मोठी सोय आहे. पण यातही सांगितला जातो तो फक्त चांदीचा हिस्सा. इतर देशांत तेच आहे: ब्रिटनमध्ये ९३५ कसाच्या अर्जेंटियमवरही शिक्का बसतो ९२५ चाच. प्रत्यक्षात ही माहिती मिळवायला आता प्रयोगशाळा लागत नाही. मोड घेताना मोठे सराफ ज्या क्ष-किरण यंत्राखाली दागिना धरतात, त्याच्या पडद्यावर चांदीच्या टक्केवारीबरोबर तांबं, जस्त, निकेल हेही दिसतात, आणि अशा यंत्राला जर्मेनियमही ओळखता येतो. मात्र ते पृष्ठभागाचाच पातळ थर वाचतं, म्हणून मुलामा असेल तर ऱ्होडियमही यादीत उमटतो. घट ठरवण्यासाठी सराफ ही यादी रोज वाचतात. विक्रीच्या पावतीवर वजन, कस आणि घडणावळ यांच्या खाली एक ओळ वाढवून ‘उरलेला धातू’ आणि ‘मुलामा’ हे दोन रकाने भरायला हवेत, आणि ते कोरे असतील तर गिऱ्हाइकाने पैसे देण्याआधी ते भरून मागावेत.